अठ्ठावीस बश्या

शाळेत सगळे त्यांना बशीसर म्हणत. मुलं पाठीमागे, शिक्षक तोंडावर. त्यांना राग येत नसे.

मी तिथे भाषा शिकवायला लागलो तेव्हा साहित्याच्या पदवीशिवाय माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. पहिल्याच दिवशी त्यांनी मला कवी करून टाकलं. मी आजवर एकही कविता लिहिलेली नाही म्हटल्यावर म्हणाले, मग अजून सुधारायला वाव आहे. तेव्हापासून मधल्या सुट्टीत आम्ही एकत्र डबा खायचो. ते माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. मैत्री झाली, पण माझं अहो-जाहो सुटलं नाही.

ते चौथीला विज्ञान शिकवत. पदार्थ आणि त्यांच्यातले बदल, हा धडा पुस्तकात सहा पानांचा. ते तो दोन महिने पुरवत. मुलांच्या तळहातावर बर्फाचा खडा ठेवत. तो संपेपर्यंत कुणी बोलायचं नाही. रिकामी बाटली उलटी धरून बादलीतल्या पाण्यात दाबायला लावत. आत काही नाही म्हणणाऱ्याला हवा हाताला लागे. फळ्यावर दोन रकाने असत. 'परत येतं' आणि 'परत येत नाही'. मेण वितळलं, ते पहिल्यात. कागद जळला, तो दुसऱ्यात. कापलेल्या केसांवरून एकदा अख्खा तास भांडण झालं. केस वाढतात, पण तेच केस नव्हेत, असं एका मुलीनं सांगितलं. सरांनी केस दुसऱ्या रकान्यात लिहिले. ती दुसऱ्या बाकावर बसायची. फार बोलायची नाही. बोलली की सर हातातला खडू खाली ठेवत.

धड्याच्या शेवटी बश्या. प्रत्येक मुलाला एक बशी, एक छोटा चमचा मीठ, थोडं पाणी. मीठ विरघळलं की बशीवर नावाची चिठ्ठी चिकटवायची आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायची. हात लावायचा नाही. आठ दिवसांनी पाणी उडून जाई आणि तळाला मीठ उरे. चौकोनी, चकाकणाऱ्या कणांचं, बशीला घट्ट धरून बसलेलं. सर भिंग देत आणि सांगत, बशी तिरकी करून बघा, आपलं मीठ घसरत नाही.

बश्या घरोघरच्या. कप फुटतात, बश्या उरतात. त्यांच्या स्वतःच्या घरातल्या तर न फुटताच शाळेत आल्या होत्या. वहिनी म्हणायच्या, आमच्याकडे चहा कपात मिळतो, बशी हवी असेल तर चौथीत नाव घाला.

सरांची नोकरी कंत्राटी होती. सात वर्षं दर जूनमध्ये नवा कागद यायचा. चाळिशीनंतर कायम करत नाहीत, आणि त्यांना चाळिसावं लागलं होतं. म्हणजे हे शेवटचं वर्ष. तपासणीला अधिकारी येणार, एक तास वर्गात बसणार, शेरा लिहिणार. त्या शेऱ्यावर सगळं. सरांनी बश्यांचे दिवस मोजून आखले होते. पाणी नेमकं त्या सकाळपर्यंत सुकणार होतं.

त्या सकाळी आम्ही वर्गात गेलो तेव्हा कट्टा रिकामा होता. मोठ्या बाईंनी शिपाईमावशींना सगळं चकचकीत करायला सांगितलं होतं. बश्या मागच्या ओट्यावर उपड्या घातलेल्या. अठ्ठावीस. चिठ्ठ्या तेवढ्या मावशींनी जपून सोडवून वेगळ्या वाळत घातल्या होत्या.

"पांढरा थर बसला होता हो सर," मावशी म्हणाल्या. "घासून घासून काढला. बघा कशा लख्ख झाल्यात."

सर म्हणाले, छान झाल्यात. मावशी खूश होऊन गेल्या.

मग ते मुलांच्या बुटक्या बाकावर बसले. मुलं मैदानात प्रार्थनेला उभी होती. अधिकारी मोठ्या बाईंच्या खोलीत चहा घेत होते. पंधरा मिनिटं असतील. सर म्हणाले, घडलं ते सांगून टाकतो. मी म्हणालो, शेऱ्यात 'प्रयोग झाला नाही' एवढंच येईल. मग मीच म्हणालो, मीठ टाकू. थोडं पाणी शिंपडू. कोण बघतंय?

"ते तसं दिसत नाही रे," ते म्हणाले.

पण घड्याळाकडे बघून उठले. डब्यासोबत आणायचो ती मिठाची बाटली मी दिली. त्यांनी प्रत्येक बशीत तोच छोटा चमचा भरून मीठ घातलं, सपाट करून, कमी नाही, जास्त नाही. मी चिठ्ठ्या चिकटवल्या.

तास चांगला चालला. अधिकारी मागे बसून मान डोलवत होते. सरांनी बश्या वाटल्या, पण भिंगं कपाटातच ठेवली. तिरकी करायला सांगितलं नाही. दुसऱ्या बाकावरच्या मुलीला सांगावं लागलंच नाही. तिनं बशी तिरकी केली आणि मीठ घसरून काठाशी गोळा झालं.

"सर, हे माझं मीठ नाही," ती म्हणाली. "हे वाळलेलं नाही. ओतलेलं आहे."

बाकीच्यांनीही बश्या तिरक्या केल्या. अधिकाऱ्यांनी चष्मा वर सरकवला. सर म्हणू शकले असते की हवा दमट आहे, मुलांना अजून कळत नाही. मी दारात उभा होतो, मनात तेच घोकत होतो. सरांनी हातातला खडू खाली ठेवला.

"ती बरोबर सांगते आहे. मीठ मी ओतलंय."

अधिकारी वाईट माणूस नव्हता. जाताना म्हणाला, मुलीला बघायला छान शिकवलंय तुम्ही. शेऱ्यात त्यानं लिहिलं, निरीक्षणं बनावट. जूनमध्ये कागद आला नाही. माझं नाव सरांनी कुठेच घेतलं नाही. मीही घेतलं नाही.

आता ते एका पार्सलच्या कचेरीत खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवतात. उभ्यानं, दिवसभर. मी एकदा तिथे गेलो. काय कवी, म्हणाले आणि पुढचं खोकं ओढलं.

ती मुलगी पाचवीत गेली. पाचवीला भाषा मीच शिकवतो. ती वर्गात बोलेनाशी झाली. विचारलं तरी माहीत नाही म्हणते. दिवाळीनंतर एक दिवस तिनं कागदात गुंडाळलेली बशी माझ्या टेबलावर ठेवली. घरी पुन्हा केलं होतं. मी भिंगाखाली बघितलं. चौकोनी कण, तिरकी केली तरी न हलणारे. कडेला तिच्या नावाची चिठ्ठी. सरांना द्या म्हणाली. सांगा, माझं मीठ आलं.

मी त्याच संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. सर कामावरून यायचे होते. वहिनी फोनवर बोलत होत्या. सरांसाठी आहे एवढं म्हणून मी पुडकं ओट्यावर ठेवलं आणि निघालो. थांबायला हवं होतं.

रविवारी पुन्हा गेलो. सर कॉटवर बसून भिंतीकडे बघत होते. वहिनींनी चहा आणला. माझा कप बशीत होता. स्वच्छ, कोरडी बशी. कडेला चिठ्ठीचा अर्धा तुकडा घासला तरी न सुटलेला, त्यावर तिच्या नावाचं पहिलं अक्षर.

"तुम्ही आणलेली बशी तुमच्यापासूनच सुरू केली," वहिनी म्हणाल्या. "आता बश्या घरात राहतील तरी." मग नेहमीचंच बोलल्या, की त्या मावशीला एवढं कळू नये, धुण्याआधी एका शब्दानं विचारू नये?

सर म्हणाले, जाऊ दे ग, तिला काय माहीत.

मी चहा प्यायलो. बशी वहिनींच्या हातात परत दिली.

सोमवारी शाळा सुटल्यावर ती मुलगी माझ्या टेबलाशी आली. सरांनी बघितली का, विचारलं.

"बघितली."

"तिरकी करून?"

"हो," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे बघितलं. मग दप्तर उचलून गेली.