कमिशन आणि गुळाचा खडा

आमच्या आईचं माहेर घाटावर, पन्हाळ्याच्या पायथ्याशी. त्या गावची रत्नागिरीत दिलेली ती एकटीच. बाबा चिडवायचे, "घाटी ती घाटीच! नारळाच्या रसाला नावं ठेवते." आई कुठली गप्प बसायला! "आणि तुम्हा कोकण्यांना गूळ कोण पुरवतं हो?" गूळ तिच्याच गावचा यायचा, दर हिवाळ्यात, आंबा घाट उतरून बैलगाडीनं.

गाडीवान तिच्या आळीतला, वयानं पिकलेला. अंगणात गाडी सोडून पायरीवर बसायचा आणि म्हणायचा, "आक्का, पाणी दे की." आई तांब्याबरोबर गुळाचा खडा द्यायची. तोही त्यानंच गेल्या साली आणलेल्या ढेपेतला, पावसात पाघळू नये म्हणून चुलीवरच्या फळीवर बरणीत जपलेला. मग निरोप सुरू व्हायचे. आजीचे गुडघे, मामाची म्हैस, कुणाचं लग्न ठरलं, कुणाचं मोडलं. "काय सांगतोस! व्हय रं?" असं आई त्याच्याशी बोलायला लागली की आम्ही पोरं बघतच राहायचो. वर्षभर आमच्यासारखं बोलणारी ती बाई तेवढ्यापुरती निराळीच व्हायची. काय सुंदर दिसायची तेव्हा!

मग ते कमिशन आलं. कोकण आणि घाट यांच्यातला व्यापार वाढावा म्हणून सरकारनं नेमलेलं. बाबा नारळ-सुपारीचे व्यापारी, त्यांनाही सभासद केलं. झालं, बाबांना आभाळ ठेंगणं! बैठक आमच्याच ओटीवर भरली. गाडीवान नेमका आलेला होता, त्यालाच कमिशनच्या साहेबांपुढे उभा केला आणि अडचणी विचारल्या. तो बिचारा खरं तेच बोलला. घाटात बैल मरतात, वाटेत दिवस मोडतात. बाबांनी मान डोलावली. "म्हणजे मोटारलॉऱ्या हव्यात आणि बंदरापाशी सरकारी वखार. गाड्यांचे दिवस संपले."

तेवढ्यात माजघराच्या दाराआडून आईचा आवाज आला. "मोटार निरोप आणील का, तेवढं विचारा त्यांना."

ओटीवर हशा पिकला. बाबाही हसले. त्या हसण्याचा मला अजून राग येतो.

पुढे सगळं बाबा म्हणाले तसंच झालं. वखार उभी राहिली, लॉऱ्या धावू लागल्या, गूळ स्वस्त झाला. मिरकरवाड्याचे सुके बोंबील दुसऱ्या दिवशी घाटावर पोचायला लागले. वाईट झालं असं कुठल्या तोंडानं म्हणू? फक्त लॉऱ्या आल्या त्या हिवाळ्यात आमच्या अंगणात गाडी सुटली नाही. बरणीत उरलेल्या शेवटच्या खड्याला आई कुणाला हात लावू देईना. संक्रांतीला बाबांनी वखारीतून ढेप आणली. "घे, तुझ्या माहेरचाच आहे." "असेल," एवढंच ती म्हणाली. चिडवलं तरी उलट उत्तर नाही. ते मात्र बाबांना सोसेना. भांडणारी बायको परवडली, असं ते मला म्हणाले.

शिमग्याच्या आधी बाबा कामाला जातो म्हणून गेले आणि एका दुपारी गुळाच्या लॉरीतून अंगणात उतरले, धुळीनं माखलेले. झोपाळ्यावर न बसता पायरीवरच टेकले.

"आक्का," म्हणाले आणि त्यांनी जीभ चावली.

"अगो बाई! मला आक्का म्हणताय? शुद्धीवर आहात ना?"

"गाडीवानानं असंच सांगायला बजावलंय. मध्ये बोलू नको गो, विसरेन." आणि आमच्या कोकणी हेलात बाबा घाटावरचं बोलायला लागले. "तुझ्या आईचं गुडघं बरं हाईत. म्हस याली, रेडी झाली. लेक कवा येतीया म्हनून आई इचारतीया. पुढच्या लॉरीनं तूच चल. आता पाणी दे की."

आई हसत होती आणि पदरानं डोळे पुसत होती. आत जाऊन तिनं तांब्या आणला आणि बरणीतला खडा आणला. तो पार काळा पडला होता. बाबांनी निमूट तोंडात टाकला. आई त्यांच्याशेजारी पायरीवर बसली, आणि त्यांच्याशी कधी नव्हे ते माहेरच्या बोलीत बोलली.

"व्हय? मग म्होरं?"