रिबकाबाईंनी दोनदा दिलेलं उत्तर

अकोटच्या अलीकडच्या त्या खेड्यात तिशीतला कोणीही उभा करा, त्याला या जगात ओढून आणणारे हात रिबकाबाई तायड्यांचे. मिशनच्या दवाखान्यात दाईचं काम करता करता त्यांचे केस पिकले. हात हलका होता, जीभ मात्र नव्हती. बाळंतिणीचा नवरा ओसरीवर येरझाऱ्या घालताना दिसला की म्हणायच्या, आता फिरून काय होते, हा विचार नऊ महिन्यांआधी करायचा होता.

काम सुटल्यावर माणसं नातवंडं सांभाळतात, नाहीतर गुडघे. रिबकाबाईंना मूलबाळ नव्हतं आणि गुडघे ठणठणीत होते. त्यांच्या मनात एकच गोष्ट तरुणपणापासून रुतून बसली होती. त्यांना चर्चमध्ये मंडळीपुढे उभं राहून उपदेश करायचा होता. बायकांनी सतरंज्या घालाव्यात, गीतं म्हणावीत आणि उपदेश पाळकसाहेबांचा ऐकावा, असा रिवाज. मग एके वर्षी अमरावतीच्या वरिष्ठांनी उपदेशकाच्या परवान्याची परीक्षा बायकांना खुली केली. वयाची अट घालायचं त्यांच्या ध्यानात आलं नसावं. रिबकाबाईंनी पहिल्याच दिवशी नाव घातलं.

साल दोन हजार चार. पावसानं दगा दिला होता, अळीनं कपाशीची बोंडं पोखरली होती, अकोटच्या जिनिंगमध्ये ऐन हंगामात शुकशुकाट होता आणि गावाला टँकर सुरू झाला होता. अशात म्हातारीला काय हे सुचतंय, असं लोक म्हणाले. रिबकाबाईंचं म्हणणं उलटं होतं. माणसं खचतात तेव्हाच त्यांच्यापुढे उभं राहून दोन शब्द बोलणारं कोणी लागतं.

लेखी पेपर त्यांनी झपाझप सोडवले. राहिली ती तोंडी परीक्षा. विषय होता मूर्तिपूजक धर्म आणि ख्रिस्ती धर्म यांची तुलना. नेमलेल्या पुस्तकात उत्तर तयार होतं. मूर्तिपूजक देवाशी सौदा करतो, नवस बोलतो, तू दे मग मी देईन म्हणतो. ख्रिस्ती माणसाला देवाची कृपा फुकट मिळते. पाठ करायला सोपं होतं. पण रिबकाबाई पडल्या दाई, पोट तपासल्याशिवाय बाळ कसं आहे ते सांगायची त्यांना सवय नव्हती. त्या उठल्या आणि पार्बताबाईकडे गेल्या.

पार्बताबाई शेजारची माळीण. ती आणि तिचा नवरा शालिकराम विहिरीच्या पाण्यावर गेंदा, शेवंती, वांगी काढायचे. तिची तिन्ही बाळंतपणं रिबकाबाईंनीच केलेली. विहिरीच्या काठावर शेंदूर फासलेले सात दगड होते. त्या साती आसरा, म्हणजे पाण्यात राहणाऱ्या सात बहिणी. रिबकाबाई रोज तिच्या मागे फिरून विचारू लागल्या. यांना काय वाहतेस, काय मागतेस, दिलं नाही तर काय करतेस? पार्बताबाईला हसू यायचं. पण नवस बोलतो आम्ही, हे तिनं सरळ कबूल केलं. विहीर खोदताना बोलली होती, पाणी लागल्यावर हिरवं लुगडं नेसवलं होतं. रिबकाबाईंचं समाधान झालं. पुस्तक खरं होतं.

उन्हाळ्यात ती विहीर आटली. गेंदा उभ्या उभ्या वाळला. एका सकाळी टँकर येऊन गेला आणि पार्बताबाई भांडणं करून मिळवलेली घागर घेऊन घराकडे जायच्या ऐवजी शेताकडे निघाली. रिबकाबाई मागोमाग गेल्या. पार्बताबाईनं घागरीतून तांब्याभर पाणी काढलं, विहिरीवर वाकली आणि कोरड्या तळाशी ओतून दिलं.

रिबकाबाईंना राहवलं नाही. पिण्याचं पाणी कावून सांडून राहिली, म्हणून त्यांनी विचारलं.

"पाणी आटलं तं त्या कुठं जातीन, बाई?" पार्बताबाई म्हणाली. "विहीरच त्यायचं घर. आपल्याले तरी टँकर येते."

"मंग मांगतलं काय त्यायले?"

"त्यायच्यापाशीच नाही, तं मांगू काय?"

रिबकाबाई घरी आल्या आणि चहा ठेवायला गेल्या, तेव्हा त्यांचा हात थांबला. परीक्षेच्या काळजीनं त्यांनी आठवड्यापूर्वीच प्रार्थनेत म्हटलं होतं, प्रभू, पास कर, मी वर्षभर चहा सोडीन. रिबकाबाई आणि चहा सोडणार! केवढा मोठा नवस होता तो. आपण बोललो आणि आपल्या लक्षातही आलं नाही, याची त्यांना मनापासून लाज वाटली. चुलीपुढे बसून त्या रडल्या.

अमरावतीला तिघा परीक्षकांपुढे त्यांनी जे पाहिलं तेच सांगितलं. काही न मागता देणं मी माळणीच्या कोरड्या विहिरीवर पाहिलं आणि सौदा माझ्या स्वतःच्या प्रार्थनेत पाहिला, असं म्हणाल्या. परीक्षकांनी एकमेकांकडे पाहिलं. तुलना उलटी झाली, बाई, असं अध्यक्षांनी सौम्यपणे सांगितलं आणि पुढच्या वर्षी पुन्हा यायला लावलं.

वर्षभर सगळ्यांनी त्यांना शहाणपण शिकवलं. पाळकसाहेब घरी येऊन म्हणाले, पुस्तकातलं सांगा, परवाना घ्या, मग काय ते बोला. सल्ला वाईट नव्हता. वय वाढत होतं, अशा किती परीक्षा हाती राहिल्या होत्या? दर्यापूरमार्गे अमरावतीला जाणाऱ्या एसटीत त्यांनी पुस्तकातलं उत्तर घोकलंसुद्धा. पण खुर्चीवर बसल्या, तोच प्रश्न आला आणि तोंडातून तीच विहीर बाहेर पडली. मला विचाराल तर एवढा सरळ कणा मी दुसऱ्या कोणाचा पाहिला नाही.

यावेळी अध्यक्ष वैतागले. म्हणाले, मूर्तिपूजक बाई तुमच्याहून चांगली, तर तुम्ही ख्रिस्ती कशाला राहिलात?

आपला परवाना या उत्तरावर अडला आहे, हे रिबकाबाईंना दिसत होतं.

"साहेब, पार्बताले देवानं काई नाही देल्लं तरी ते त्याले पाणी पाजते. मी तशी नाही. मी सौदे करणारी बाई हाओ. मले फुकट देणाराच देव लागते."

समोरचा कागद बाजूला सारून अध्यक्ष हळूच म्हणाले, बाई, आता आम्हा सगळ्यांसाठी तुम्हीच प्रार्थना करा. मंडळीत सगळ्यांसाठी प्रार्थना करणं हे परवाना असलेल्याचं काम, म्हणजे रिबकाबाईंना परवाना मिळाला होता.

रिबकाबाई उभ्या राहिल्या. त्यांनी डोळे मिटले. पार्बताच्या विहिरीले पाणी दे, बापा, एवढंच म्हणाल्या, आणि बदल्यात काही देऊ न करता आमेन म्हणून खाली बसल्या.