मृगाची संत्री यायच्या आधी

बातमी मला कोणी सांगितली नाही, मीच वाचली. नागपूरच्या धंतोलीतल्या दवाखान्याच्या व्हरांड्यात आमच्या ह्यांच्या रिपोर्टचा लिफाफा हातात पडला आणि डॉक्टरांचं बोलावणं यायच्या आधीच मला सगळं कळून चुकलं. माझी सारी नोकरी नर्स म्हणून वॉर्डात गेलेली. कोवळा डॉक्टर ‘काकू, आपण प्रयत्न करू’ म्हणाला तेव्हा मी नुसती मान हलवली, कारण हेच वाक्य मी कितीतरी जणांना ऐकवलं होतं. आजार यकृतात पसरला होता. बाहेर बाकावर आमचे हे मजेत बसून शेजारच्या पारशिवनीच्या शेतकऱ्याला विचारत होते, की मंगळावर शेती करायची झाली तर आधी काय पेराल? तो म्हणाला, “पहिले पाणी दाखवा, मंग सांगतो.” हे इतके खूश झाले की घरी येईपर्यंत त्याच्याबद्दलच बोलत राहिले.

त्यांना जाऊन आता दोन महिने होत आले. वाचकांना ते विज्ञानकादंबऱ्या लिहिणारे मिलिंद म्हणून ठाऊक. पोटासाठी मात्र त्यांनी वाडीच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत ट्रकच्या मालाच्या बिल्ट्या, म्हणजे पावत्या, लिहिल्या. नागपूरच्या बौद्ध वस्तीतल्या माणसाला हे रॉकेटचं खूळ कुठून लागलं, असं लोक विचारत. हे सांगायचे, “माझा बाप दीक्षेच्या दिवशी सकाळी एका जगातून निघाला अन् संध्याकाळी दुसऱ्या जगात वापस आला. पायी. त्याले रॉकेट नाई लागलं.” उद्याचा दिवस आजच्यासारखाच असेल असं नाही, हे ज्याला पटलं त्याची गोष्ट म्हणजे विज्ञानकथा, एवढी साधी त्यांची व्याख्या होती. त्यात एकच पथ्य. भविष्याबद्दल चुकलं तरी चालेल, खोटं बोलायचं नाही. निवडणुकीत एक उमेदवार आमच्या गल्लीत हात जोडत आला आणि चोवीस तास नळाचं वचन देऊ लागला. ह्यांनी त्याला चहा पाजला आणि म्हणाले, “भाऊ, आपला धंदा एकच हाये. तुमी बी भविष्य सांगता, मी बी सांगतो. फक्त मी पुस्तकावर ‘काल्पनिक’ असं छापतो.” तो बिचारा हसावं की उठावं या विचारात पडला. मत कोणाला दिलं हे मात्र ह्यांनी मलाही कधी सांगितलं नाही.

घरात पहिली वाचक मी. ड्युटीवरून येऊन मी कणीक भिजवायला बसले की हे ओट्याला टेकून प्रकरण वाचायचे. पहिल्या कादंबरीत यानातले लोक तीन पिढ्या प्रवास करत होते. मी विचारलं, “हे सारे जेवतात, मंग भांडे कोण घासते?” दुसऱ्या दिवशी यानाच्या कप्तानाच्या हातात घासणी आली, आणि आठवड्याभरात आमच्या घरच्या कप्तानाच्याही. एका समीक्षकाने तो भांड्यांचा प्रसंग अनावश्यक ठरवला होता. त्याच्या घरी भांडी आपोआप स्वच्छ होत असावीत.

तर असा हा माणूस, आणि त्याच्यापासून मी रिपोर्ट लपवून बसले होते. आमचा मुलगा निखिल पुण्याला असतो. तो रोज फोनवर बजवायचा, “आई, बाबाले काही सांगू नको हं. हिंमत हारतीन ते.” मला त्याचं म्हणणं पटायचं, आणि ह्यांच्याकडे पाहिलं की पटेनासं व्हायचं... एका दुपारी अंगणात मी तुरीच्या शेंगा सोलत होते. हे संत्रं सोलत होते. अचानक म्हणाले, “काहून वं, वॉर्डात तू लोकाईले खरं सांगायची. मलेच काहून लपवून राहिली?” माझे हात थांबले. बाजारात तेव्हा आंबिया बहाराची संत्री होती. मृग बहाराची येतात ती थेट उन्हाळ्याच्या तोंडावर. मी खाली बघूनच म्हटलं, “मृगाचा संत्रा तुमी खासान, असं मले नाई वाटत.” ह्यांनी संत्रं सोलून पुरं केलं. मग हातातल्या संत्र्याच्या अर्ध्या फोडी माझ्या पुढ्यात ठेवून म्हणाले, “बरं केलं सांगितलं.” मी रडले. ते रडले नाहीत.

दोनशे वर्षांनंतरच्या नागपूरवरची कादंबरी तेव्हा अर्धी झाली होती. मला वाटलं, आता दिवसरात्र लिहीत बसतील. पण त्यांनी कागद बांधून कपाटात ठेवले. “दोनशे वर्षांनंतरचं नागपूर कोणीबी लिहीन वं. येत्या उन्हाळ्यातलं आपलं घर मलेच पाहा लागन.” आणि भर थंडीत, अंगात स्वेटर, कानाला मफलर, खुर्चीवर बसून त्यांनी मिस्त्रीकडून कूलर माळ्यावरून उतरवून घेतला. टाकी घासून घेतली, वाळ्याच्या नव्या ताट्या बसवल्या, पंप तपासला. दरवर्षी हे काम त्यांचंच. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पंप कसा काढायचा, पाणी कुठवर भरायचं, हे मला दोनदोनदा करायला लावलं. शेजारचे लोक कुंपणावरून हसले, “काकाजी, थंडीत कूलर?” हे म्हणाले, “तुमच्या काकूले ऊन सहन होत नाई.” त्यानंतर फार दिवस ते चालते-फिरते राहिले नाहीत.

सगळं आटोपल्यावर निखिल म्हणाला, “आई, तू सांगितलं नसतं तर बाबा आखीन राहिले असते.” नर्स म्हणून मला ठाऊक आहे की तसं नसतं. पण बायको म्हणून मी हादरले. पुण्याला गेल्यावर त्याचे फोन येत राहिले, पण औषध घेतलं का, जेवली का, एवढ्यापुरतेच.

परवा ऊन असं काही तापलं की राहवेना. पाणी भरलं, बटण दाबलं. वाळ्याचा तो ओला वास घरभर पसरला, आणि मी तिथेच भिंतीला धरून उभी राहिले... तेवढ्यात निखिलचा फोन.

“मागं कायचा आवाज येऊन राहिला, आई?”

“कूलरचा.”

“कोणी लावून देल्ला?”

“बाबानं.”

“कधी?”

“मी त्याईले सांगितलं न... त्याच हप्त्यात.”

मला वाटलं, ठेवला फोन. मग त्याचा आवाज आला. “आई, तू काही बोलू नको. फोन कूलरजवळ धर थोडा.”

मी खुर्ची ओढली आणि हात भरून येईपर्यंत फोन तिथेच धरून बसले.