उजाडलं काय हो?

दत्ताराम मिस्त्री पक्षी ओळखायचे ते मान खाली घालून. आम्ही बाकीचे डोळ्यांवर हात धरून झाडं धुंडाळत असायचो. मिस्त्री मात्र पडवीतल्या खुर्चीत जमिनीकडे तोंड करून सांगायचे, "शेवग्यावर शिंजीर आहे. नर. घाईत आहे." त्यांचा सारा जन्म मिरकरवाड्याच्या जेटीवर बोटींची इंजिनं दुरुस्त करण्यात गेलेला. इंजिन सुरू करायला लावायचं, हनुवटी छातीला टेकवून ऐकायचं आणि कुठे बिघडलंय ते सांगायचं, ही त्यांची ख्याती. पुढे काचबिंदूने डोळे नेले, जेटी सुटली. उरलेले कान त्यांनी अंगणातल्या पाखरांना लावले.

प्रत्येकाबद्दल त्यांचा शेरा ठरलेला. "बुलबुल म्हणजे इंजिन नवं, पण बोट हाकणारा तांडेल उतावळा." "सातभाई? सगळे मिस्त्रीच. खलाशी एक नाही." फक्त दयाळाचं नाव निघालं की आवाज खाली यायचा. "त्यात काही दुरुस्त करायला नको हो. आलाय तसाच झकास आहे."

तो काळा-पांढरा दयाळ मिस्त्रींच्याच घरात राहायचा. बोटीच्या इंजिनाचा एक गंजका सायलेन्सर मिस्त्रींनी पडवीच्या वाशाला आडवा टांगून ठेवला होता, त्यात त्याचा संसार. पहाटे समोरच्या गडग्याच्या, अंगणाच्या दगडी कुंपणाच्या, एका दगडावर बसून तो गायचा. मिस्त्री म्हणायचे, "मला आता काळोख नि उजेड सारखाच. हा बोलला की उजाडलं. एवढं पुरे."

मी त्यांचा शेजारी. निवृत्त झाल्यावर मी एक कॅमेरा घेतला. त्याची लेन्स एवढी लांब की रस्त्यातले लोक विचारायचे, "सर्व्हे आलाय काय?" पहिल्या वर्षात माझ्या हाती लागल्या त्या पक्ष्यांच्या शेपट्या. बाकीचा पक्षी मी बटण दाबेपर्यंत गेलेला असायचा. एकदा विजेच्या तारेवर विसावलेल्या बगळ्याचा फोटो मी आमच्या पक्षीमित्रांच्या ग्रुपवर मोठ्या दिमाखात टाकला. तो मोठा करून बघितल्यावर एकाने कळवलं, की बगळ्याच्या पोटावर दुधाच्या पिशवीचा भाव छापलाय. तेव्हापासून मिस्त्रींचं रोजचं स्वागत ठरलं: "या फोटोवाले. आज कोणाची शेपटी?"

ते बघू शकत नाहीत हे विसरून मी त्यांच्यापुढे फोटो धरायचो. ते विचारायचे, "करत होता काय तो?"

"बसला होता."

"बसून काय करत होता?"

ते मला कधीच माहीत नसायचं. मी फोकस बघत असायचो.

मग एका चैत्रात ग्रुपवर कोणीतरी युक्ती सांगितली. मोबाइलवर दयाळाचं गाणं लावा, म्हणजे आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला असं वाटून खरा दयाळ भांडायला धावून येतो. मी मोबाइल गडग्याच्या फटीत लपवला. दयाळ आला. पिसं फुलवून, चोच उघडून दगडावर धडका देऊ लागला. फोटो असे निघाले की पिसन् पीस मोजावं. तीन सकाळी मी तेच केलं. ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस पडला.

पहिल्या दिवशी मिस्त्री म्हणाले, "दुसरा आलाय वाटतं."

"आलाय खरा," मी म्हटलं.

दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशीही त्यांनी विचारलं, "आज होता काय तो पाहुणा?" आणि मी दोन्ही वेळा "होता की" म्हणून मोकळा झालो.

चौथ्या दिवशी दयाळ बोलला नाही. पाचव्याही नाही. सहाव्या दिवशी मी त्यांच्या पडवीत गेलो तेव्हा आठ वाजून गेले होते. मिस्त्री काठी मांडीवर घेऊन बसलेले. त्यांची बायको, आमच्या वहिनी, दारात निवलेला चहा घेऊन उभ्या. "उजाडलं म्हणून तीनदा सांगितलं, ऐकतच नाहीत," त्या म्हणाल्या. माझ्या चपलांचा आवाज ऐकून मिस्त्रींनी विचारलं, "कोण, फोटोवाले? उजाडलं काय हो?"

मी पायरीवर बसलो आणि सगळं सांगून टाकलं. मिस्त्रींनी हनुवटी छातीला टेकवून ऐकलं.

"पहिल्याच दिवशी कळलं मला," ते म्हणाले. "तुमचा पाहुणा दम घेत नव्हता. तीच तान, तेवढीच, परत तीच. जिवंत जीव दोनदा सारखा बोलत नाही."

"मग बोललात का नाही?"

"म्हटलं, तुम्ही सांगाल. तीन दिवस विचारलं की."

वहिनी हळूच म्हणाल्या, "काल सायलेन्सरात हात घालून बघितलं. तीन अंडी आहेत. थंडगार."

मग मिस्त्रींनी शिक्षा सांगितली. "त्याने तर घर सोडलंन. आता रोज तुम्ही यायचं. उजाडलं की सांगायचं. कॅमेरा घरी ठेवून."

मी जात राहिलो. "काय दिसतंय?" "बुलबुल." "करतोय काय?" सुरुवातीला माझी बोबडी वळायची. हळूहळू दिसू लागलं. शिंपीण घरट्यासाठी मिस्त्रींच्याच फाटक्या उशीतला कापूस ओढून नेते. नाचण शेपटीचा पंखा उघडते तो तोऱ्याने नव्हे. तिला माश्या उठवायच्या असतात. सांगता सांगता मीही मान खाली घालून ऐकायला लागलो. वर्ष गेलं. चैत्र परत आला. सायलेन्सर रिकामाच होता.

मिस्त्री गेले त्याच्या आदल्या दिवशीची सकाळ. छातीत कफ दाटलेला, ते खाटेवर उशांना टेकून बसलेले. मी आत गेलो तसा त्यांनी खिडकीकडे कान केला. "आला काय हो तो?"

माझा हात खिशात गेला. मोबाइलमध्ये ते गाणं अजून होतं. एका बोटाचं काम. वहिनींनी माझ्या खिशाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि तोंड फिरवलं. नको म्हणाल्या नाहीत.

मी हात रिकामाच बाहेर काढला.

"नाही आला, मिस्त्री. पण उजाडलंय. गडग्यावर नाचण आहे. पंखा उघडला. एक माशी सुटली. आता... आता परत उघडला." माझा आवाज दोन ठिकाणी अडकला.

मिस्त्रींची हनुवटी हळूहळू छातीला टेकली. जेटीवर ऐकायचे तसं त्यांनी मला शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"आता बरोबर वाजतंय," ते म्हणाले.