एक तारखेचा अबोला

शारजात आत्माराम पाटणेकरला आपलं म्हणावं असं एकच माणूस होतं, आणि ते कानडी. विजयकुमार. सगळा लेबर कॅम्प त्याला विजण्णा म्हणायचा, आत्माराम नुसतं विज्या.

दोघं बेळगावचे. छप्पन साली दिल्लीवाल्यांनी नकाशावर रेघ मारली आणि बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. तेव्हापासून एक नोव्हेंबरला गाव मधनं फाटतं. कानडी लोक राज्योत्सवाचे लाल-पिवळे झेंडे घेऊन नाचतात, मराठी लोक काळ्या फिती लावून फिरतात. आत्मारामच्या बापानं शहाऐंशीच्या आंदोलनात पोलिसांचा मार खाल्ला, तो मरेपर्यंत लंगडला. सीमेची कोर्टातली केस पडलीय ती पडूनच. कानड्यांचा राग आत्मारामला कुणी शिकवला नाही, घरात भाकरीबरोबरच मिळाला.

पण पोट दोघांचं एकाच भट्टीवर. उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत विज्या लोखंड वितळवायचा, आत्माराम रेतीचे साचे बांधायचा. पाट्या कुठल्या भाषेत लावायच्या यावरनं दगड पडले की बंद, आणि बंद पडला की ऑर्डर गेली. शेवटी मालकानं टाळं लावलं. मग दोघं शारजाच्या हमरिया फ्री झोनमध्ये आले, तेच काम करायला. खोलीही एकच.

पहिल्याच एक नोव्हेंबरला दोघं हाणामारीवर आले. विज्याचा ओठ फुटला. कॅम्प बॉस म्हणाला, "अजून एकदा झालं तर खलास, दोघंही विमानात." तेव्हा त्यांनी आपसात ठरवलं, एक तारखेला एक शब्द बोलायचा नाही. विज्यानं खाटेला लाल-पिवळी फीत बांधायची, आत्मारामनं दंडाला काळी. भट्टीजवळ नुसत्या हाताच्या खुणा. दोन तारखेला सकाळी विज्या चहा पुढं करून म्हणायचा, "घे, महाराष्ट्रा, पी."

पण विज्या वात्रट. एका वर्षी मुद्दाम किंचाळला, "आत्मा, पाल पडली की अंगावर!" आणि आत्माराम "कुठं?" म्हणून गेला. ते एक "कुठं" विज्यानं वर्षभर मेसमध्ये सगळ्यांना नक्कल करून ऐकवलं.

यंदा एक तारखेला सकाळी आत्माराम बूट घालत होता.

"आत्मा," विज्या खाटेवरनं म्हणाला. "ऐक की जरा."

हात छातीवर. तोंडावर घाम. आत्माराम मनात म्हणाला, यंदा नाटक बरं बसवलंय लेकानं. त्यानं दंडावरची काळी फीत त्याला दाखवली आणि निघाला. मागनं परत हाक आली. तो वळला नाही.

बसमध्ये विज्याची जागा रिकामी. ड्रायव्हर म्हणाला, "तेरा दोस्त किधर है? रुकूँ क्या?" आत्मारामनं हातानंच खूण केली, चल. यल्ला, चला, म्हणत ड्रायव्हरनं बस काढली.

जेवणाच्या सुट्टीच्या आधी फोरमन नोमानभाई आला. रत्नागिरीचा माणूस, मराठीत बोलायचा.

"आत्माराम, बाहेर ये."

"काय झालं?"

"विजयकुमार गेला रे. खोलीच्या दारात पडला होता. अटॅक."

"काही नाही झालेलं त्याला. नाटकं करतोय."

"मी बघून आलो, आत्माराम."

आत्माराम हातातली रेती झाडत राहिला. हात स्वच्छ झाले तरी झाडत राहिला.

"त्याच्या घरी तू सांग," नोमानभाई म्हणाला. "ऑफिसच्या फोनवरनं कळण्यापेक्षा बरं."

आत्मारामनं बेळगावला फोन लावला. विज्याच्या बायकोचं नाव गौरव्वा. तिला मराठी तोडकंमोडकं, म्हणून आत्माराम कानडीत बोलला. कसं सांगितलं, त्याचं त्याला कळलं नाही. ती बराच वेळ रडली. तिच्या मागं गल्लीत मिरवणुकीचे ढोल वाजत होते.

मग तिनं विचारलं, "शेवटी काय म्हणाले?"

"म्हणत होता काहीतरी, वहिनी. मी ऐकून घेतलं नाही."

"का?"

"आज एक तारीख आहे."

एक तारीख म्हणजे काय ते तिला सांगावं लागलं नाही. तीही बेळगावचीच. ढोल जवळ आले, दारावरनं गेले.

"त्यांनी तरी आजच्या दिवशी तुम्हाला हाक मारायची नव्हती, भावजी," ती म्हणाली.

तिनं शिव्या घातल्या असत्या तर आत्मारामनं उभ्यानं खाल्ल्या असत्या. तो तसाच रेतीच्या ढिगावर बसला. नोमानभाईनं दोनदा चल म्हटलं. पण पलीकडं ती रडत होती, आणि त्याला फोन ठेवता येईना.