बायनाबाईने गटाराला मारलेला बोळा

बायनाबाई धर्मापुरीची लेक. बावीस हंगाम तिनं ऊस तोडला. कंबर गेली तेव्हा कोयता वळचणीला खोचला आणि घरी बसली. बसली म्हणजे काय, बसणारी बाई ती नव्हेच! दसरा झाला की गल्लीतली अकरा घरं कारखान्याला निघतात आणि जाताना आपापल्या शेळ्या हिच्या अंगणात बांधून जातात. एक रुपया घेत नाही ती. एका हंगामात ती तोडीला गेली असताना तिची स्वतःची गाभण शेळी घरी पाण्यावाचून मेली होती. ते दुःख अजून तिच्या काळजातून गेलेलं नाही.

आता नगरपंचायतीची अक्कल बघा! मोजणीवाला आला तो नेमका पौषात. अंगणात एकतीस शेळ्या बघितल्या आणि कागदावर ठोकून दिलं: गोठा, व्यावसायिक. वैशाखात आला असता तर तिच्या स्वतःच्या दोनच दिसल्या असत्या, पण विचारतो कोण? गटाराचं बिल तिप्पट आलं. वर ताकीद, पंधरा दिवसांत भरा नाहीतर नळ तोडू.

नळ तुटला तर एकतीस जिवांना पाजायचं काय? बायनाबाई कागद घेऊन तडक ऑफिसात गेली. वसुलीचे मोहनराव माणूस वाईट नव्हते, पण नियमाबाहेर पाऊल टाकायचं म्हटलं की त्यांना घाम फुटायचा.

"मावशी, मीटरवर जेवढं पाणी आलं, त्यातलं शंभरात ऐंशी गटारात गेलं असं धरायचं. घराला एक दर, धंद्याला तिप्पट."

"धरायचं म्हंजी? बघितलं कुणी? शेळीनं पेलेलं पाणी तुमच्या गटारात कसं गेलं, सांगा की!"

"नियम आहे, मावशी."

"मग नियमालाच दाखविते."

घरी येऊन तिनं गोणपाटाचा बोळा केला आणि गटाराकडं जाणाऱ्या पायपात ठासून कोंबला. तिचं सांडपाणी तसंही कधी वाया जात नव्हतं. भांडी राखेनं घासायची, ते पाणी शेळ्यांना; अंघोळीचं लिंबाला; संडासाला शोषखड्डा वेगळा.

पंधराव्या दिवशी मोहनराव प्लंबरला घेऊन हजर. बायनाबाई नळापाशीच कोयत्यानं शेवरीचा पाला तोडत बसली होती. प्लंबर चार पावलं लांबच थांबला.

"तोडा नळ," ती म्हणाली. "पर आधी त्यो बोळा काढा. चौदा दिस झाले. तुमचं ऐंशी टक्के आत तुंबलं आसंल, जरा जपून!"

प्लंबरनं बोळा ओढला. थेंब नाही आला. आतून मुंग्यांची रांग तेवढी बाहेर पडली.

मोहनरावांनी कपाळ पुसलं. "शेळ्या कुणाच्या आहेत?"

"ती काळी सुभद्राबाईची. बांडी आसारामची. ह्या पाच विजयमालाच्या..." अकरा घरांची नावं तिनं एका दमात सांगितली.

"आणि पैसे?"

"पैसे कशाचे? शेजार हाय त्यो. तुमच्या कागदावर त्याला जागा न्हाई का?"

मोहनरावांनी खिशातून पेन काढलं. मग त्यांनी 'व्यावसायिक' खोडलं, 'घरगुती' लिहिलं आणि सही ठोकली.

"आता घराचा दर तेवढा भरा, मावशी."

बायनाबाईनं बोळा उचलला आणि पुन्हा पायपात कोंबला.

"थेंब जात न्हाई, तर त्यो तरी कशापायी भरू?"

मोहनरावांना परत घाम फुटला. नळाला मात्र कुणी हात लावला नाही.