बेळगुंदीच्या सुबानाचा ठोसा

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, शेजारच्या मागावर बसणाऱ्या सख्ख्या भावाजवळही नाही. तुम्हालाच का सांगतोय — मलाही धड कळत नाही. कंटाळलोय बहुतेक. त्या वादाला कंटाळलोय, आणि त्याहून जास्त स्वतःला.

वाद कसला? तर बॉक्सिंगचा! आम्ही शहापूरचे विणकर, हातात धोटा धरणारी माणसं. आम्हाला ठोसेबाजीशी काय देणंघेणं? पण बेळगावात लष्कराचा कॅम्प. पलटणींचे सामने व्हायचे आणि कुंपणाबाहेरून बघायला मनाई नव्हती. संध्याकाळी माग थांबले की गोविंदा शिंप्याच्या कट्ट्यावर आम्ही जमायचो आणि सुरू — जुना गडी थोर की नवा? वर्तमानपत्रात अमेरिकेतल्या हेवीवेट चॅम्पियनचं काही आलं की त्याचाही निवाडा आम्हीच करायचो. पण खरं भांडण आमच्याकडच्या दोघांवरून.

जुना म्हणजे बेळगुंदीचा सुबाना. पहिल्या महायुद्धाच्या वेळी तो पलटणीत होता. कॅम्पातल्या सामन्यात त्यानं एका धिप्पाड गोऱ्या सार्जंटला एका ठोशात आडवं केलं होतं. पुढे गावी येऊन शेती करायचा, आणि खळ्यावर पोरांना बॉक्सिंग शिकवायचा. नवा म्हणजे निपाणीचा मारुती. तंबाखूच्या वखारीत बोदं, म्हणजे पानांचे जड गठ्ठे, उचलून दंड कमावलेला, पलटणीत गेल्यापासून कुणाकडून न हरलेला. मी मारुतीच्या बाजूचा, गोविंदा सुबानाच्या.

आणि गोविंदाचं उत्तर एकच. "तू बघितल्यास काय रं तो ठोसा? न्हाय न्हवं? मग गप बस की."

त्यानं तो सामना बघितला होता, मी नव्हता. मी मारुतीच्या पायांची चपळाई सांगावी, दमसास सांगावा — की हेच. रोज हेच! वर कट्ट्यावरचा हशा. डोकं फिरायचं माझं. एवढ्याशा गोष्टीनं फिरावं?

एका संध्याकाळी मी बोलून गेलो — छे, बोलून गेलो कसलं. चांगलं जुळवून बोललो. म्हणालो, "तो सार्जंट मुद्दाम पडलाता. साहेबांनीच ठरवलंतं तसं. देशी गडी जिंकला की गावोगावची पोरं भरतीला येतील म्हणून. कॅम्पातल्या बटलरनं सांगितलंय मला."

तसा एक बटलर माझ्या ओळखीचा होता खरा. पण तो वारला होता, आणि याबद्दल तो माझ्याशी अवाक्षरही बोलला नव्हता. मेलेल्या माणसाला विचारायला कोण जाणार? गोविंदा त्या दिवशी पहिल्यांदाच गप्प झाला. काय गोड वाटलं मला!

ती गोष्ट बाजारातून बेळगुंदीला पोचली. मग एक दिवस सुबाना स्वतःच माझ्या दारात. मागापाशी येऊन खाली बसला. केस पिकलेले, पण खांदे अजून दाराएवढे.

"पोरं शिकायला यायची बंद झाल्यात," तो म्हणाला. "तू म्हणं बटलरकडनं ऐकल्यास. व्हय काय? खोटं असलं तर सांग बाबा. मी रागवणार न्हाय."

याहून सोपं काय करायचं माणसानं? एक शब्द पुरे होता. आणि मी म्हणालो, "व्हय आप्पा. त्यो तसंच सांगत हुता."

तो स्वतःच्या मुठीकडे बघत बसला. "माझ्या हाताला तर त्याचा जबडा लागला हुता रं," एवढंच म्हणाला, आणि उठला.

त्यानं मारुतीलाच आव्हान दिलं. पन्नाशी गाठलेला माणूस! रजेवर आलेला मारुती हात जोडून नको म्हणत होता. सुबाना हटला नाही. हिंडलग्याच्या माळावर माणसांचं रिंगण झालं. मी पुढच्याच रांगेत होतो. मारुती नुसता हात लावल्यासारखं करत होता. सुबाना ओरडला, "खरं मार! मला खोटं जिंकवू नगं!" ते ऐकून मी काय केलं? काही नाही. मान खाली घातली. मारुतीनं खरं मारलं.

सुबानाचा डावा डोळा गेला. त्याला बैलगाडीत ठेवताना मारुती लहान पोरासारखा रडत होता. मी घरी आलो आणि जेवलो.

सुबानाला जाऊनही आता बरीच वर्षं झाली. कट्ट्यावरचा वाद मात्र सरत नाही — वैताग आहे नुसता! नवी माणसं माझंच खोटं मला ऐकवतात, वर त्यात तिखटमीठ घालतात. परवा एकानं तर सार्जंट पडायच्या आधी साहेबाकडे बघून कसा हसला, तेही सांगितलं. नेमका तेव्हा सुबानाचा मुलगा कट्ट्यावर होता. बहिणीच्या लग्नासाठी माझ्याकडे साडी घ्यायला आलेला, ती मी तिथंच उलगडून दाखवत होतो.

मला राहवलं नाही. "कायतरीच काय बोलतोस," मी त्या माणसाला म्हणालो. तेवढंच.

तर तो मुलगाच मला म्हणाला, "न्हाय काका, खरं हाय ते. आप्पापण शेवटी शेवटी तसंच म्हणायचा. गोरा मुद्दामच पडला असंल, म्हणायचा."

मी साडीची घडी घातली आणि त्याच्या हातात दिली.